मदत हवी आहे: पोटाची चरबी काढून गुडघ्यात स्टेम सेल्स टोचून घ्याव्यात का?

नमस्कार मंडळी,

सासूबाईंचे दोन्ही गुडघे झिजलेत. वय ६८, ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जातात. ओळखीतून एका क्लिनिकचं कळलं. तिथे लायपोसक्शनने, म्हणजे नळीने खेचून, पोटाची चरबी काढतात, तिच्यातल्या स्टेम सेल्स (ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) वेगळ्या करतात आणि त्याच दिवशी गुडघ्यात टोचतात. खर्च पावणेतीन लाख. 'पेशी तुमच्याच, मग धोका कसला?' हे वाक्य तीनदा ऐकवलं. सासूबाई खूश, पोटही उतरेल म्हणतात!

मी थोडं वाचलं. चरबीत स्टेम सेल्स असतात हे खरं. २००१ साली अमेरिकेत पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी लायपोसक्शनमध्ये फेकून देतात त्या चरबीतल्या पेशींपासून प्रयोगशाळेत हाडाच्या, कूर्चेच्या (सांध्यात हाडांच्या टोकांवर असतं ते गुळगुळीत अस्तर), स्नायूच्या पेशी घडवता येतात असं दाखवलं. अस्थिमज्जेपेक्षा चरबीतून त्या जास्त मिळतात आणि काढायलाही सोप्या. पण प्रयोगशाळेतल्या बशीत कूर्चा होणं वेगळं आणि घासलेल्या गुडघ्यात होणं वेगळं, नाही का?

शिवाय त्याच दिवशी जे टोचतात त्यात निव्वळ स्टेम सेल्स नसतातच म्हणे. चरबीवर कोलाजिनेज (पेशींना धरून ठेवणारे धागे विरघळवणारं एन्झाइम) घालून, सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून तळाशी जो साका उरतो, त्यात रक्तवाहिन्यांच्या, प्रतिकारशक्तीच्या अशा सगळ्या पेशी असतात. स्टेम सेल्स त्यातला छोटा हिस्सा. 'कोट्यवधी पेशी देतो' म्हणाले, त्या मोजता कशा विचारलं तर विषय बदलला.

आणखी एक खटकलं. 'आधी-नंतर'चे एक्स-रे दाखवले. आधीच्या फिल्मवर कोपऱ्यात 'स्टँडिंग' (म्हणजे उभं करून काढलेला) असं होतं, नंतरच्यावर काहीच नाही. झोपवून काढला तर सांध्यातली फट आपोआप मोठी दिसणार ना?

कुणी हे करून घेतलंय का? परवानगीचं काय विचारायचं असतं?

प्रतिसाद १
एक्स-रेचं अगदी बरोबर पकडलंत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेला स्टेम सेल उपचार फक्त क्लिनिकल ट्रायल म्हणूनच करता येतो, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिककडे सीटीआरआयचा (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं पत्र मागा. दोन्ही नसेल तर पावणेतीन लाख कशाचे?

'आपल्याच पेशी' म्हणून निर्धास्त राहू नका. फ्लोरिडात अशाच चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचल्याने तीन बायकांची दृष्टी गेली, २०१७ साली ते प्रसिद्ध झालंय. गुडघा म्हणजे डोळा नव्हे, पण जंतुसंसर्ग सांध्यातही होतोच.

प्रतिसाद २
क्लिनिकवाले 'भारतात गुडघ्यासाठी मान्यता आहे' म्हणतील. २०२२ मध्ये स्टेमप्युसेल या तयार स्टेम सेल औषधाला मिळाली खरी, पण त्या पेशी निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून घेऊन कारखान्यात वाढवलेल्या. त्याच्याशी या चरबीचा संबंध नाही. तुमचा निर्णय होईतोवर चांगल्या फिजिओकडे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करा. आणि लायपोसक्शनने काढतात ती चरबी इतकी थोडी असते की पोट काही उतरणार नाही, हे सासूबाईंना तुम्हीच सांगा बुवा!