पंचविशी उलटली म्हणजे संपलं?

पंचविशीनंतर ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धा) खेळाडू संपतो, असं म्हटलं जातं. बहुतेकांचं तसंच होतं, पण ‘फेकर’ला कसं विसरता? दक्षिण कोरियाचा ली सांग-ह्योक, जन्म १९९६. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या सांघिक व्हिडिओ गेममध्ये २०१३ला पदार्पण आणि त्याच वर्षी जगज्जेता, मग २०१५, २०१६. २०१७ची अंतिम लढत ०-३ अशी हरल्यावर तो तिथेच रडला, ते बघून मलाही गलबलून आलं होतं.

पुढे २०२३पर्यंत विश्वविजेतेपद नाही. त्या वर्षी तर हाताच्या दुखण्याने काही आठवडे बाहेर बसला, आणि तरी चौथ्यांदा जिंकला! २०२४, २०२५लाही तोच. सगळं एकाच संघाकडून. शिवाय कोरियात सक्तीची लष्करी सेवा भल्याभल्यांची कारकीर्द मध्येच तोडते. चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्समध्ये मिळालेल्या सुवर्णपदकाने त्याला त्यातून सूट मिळाली. वयाबरोबर हेही मोजायला हवं.