कायटोसान-कॅटेकॉल जेल ओल्या कातडीवर घसरतंय

खाडीकाठ_ऐरोली:
एम.फार्म.चा प्रोजेक्ट आहे. शिणाणे ज्या कॅटेकॉलच्या (ओल्यातही चिकटणारा रासायनिक गट) जोरावर ओल्या खडकाला धरून बसतात, तो कायटोसानवर (कोळंबी-खेकड्याच्या कवचातून मिळणारा पॉलिमर) बसवायचाय. १ ग्रॅम कायटोसान, १०० मिली १% ॲसेटिक ॲसिड, ६०० मिग्रॅ हायड्रोकॅफेइक ॲसिड (यातच कॅटेकॉल असतो), वर ते कायटोसानला जोडणारं ईडीसी. रात्रभर ढवळून साध्या पाण्यात डायलिसिस (पडद्याच्या पिशवीतून सुटे रेणू धुऊन काढणं). डुकराच्या कोरड्या कातडीवर जेल पकडतं, पीबीएसने (शरीरद्रवासारखं खारं बफर) ओली केली की साबणासारखं सुटतं. दोन दिवसांत तपकिरीही होतं. कुठे चुकतंय?

पीएच_साडेपाच:
घोळ ॲसेटिक ॲसिडचा आहे. ईडीसीला कार्बॉक्सिल (ॲसिडचा जोडला जाणारा गट) हवा, तो कुणाचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १०० मिलीत साधारण १७ मिलिमोल ॲसेटिक, तुमचं हायड्रोकॅफेइक जेमतेम ३.३. पाचपट गर्दीत त्याचा नंबर कधी लागणार? वर कायटोसानचे अमाइन, जिथे कॅटेकॉल जोडायचा, ते ॲसेटिकच जोडलं जाऊन वाया जातात. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवा, पीएच ५ ते ५.५ ठेवा, ईडीसी अल्कोहोल-पाण्यातून थेंबथेंब सोडा.

ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडत असाल तर नवी मुंबईच्या जुलैत पावडर ओल खाऊन निकामी होते. आधी बंदच अर्धा तास बाहेर ठेवा.

तपकिरी म्हणजे हवेने ऑक्सिडाइझ होऊन कॅटेकॉलचा क्विनोन झाला. डायलिसिसचं पाणीही आम्लधर्मीच हवं, पीएच ५ च्या आसपास. मग कॅटेकॉल किती बसला ते २८० नॅनोमीटरच्या यूव्ही प्रकाशाला मोजा. सुटं हायड्रोकॅफेइक धुतलं गेलं नसेल तर आकडा छान येतो आणि जेल तरीही घसरतं.

घाव_बंद:
वरचं बरोबर, पण पाण्याचा थर विसरू नका. तो मध्ये राहिला तर कॅटेकॉल कातडीपर्यंत पोचतच नाही. बार्नॅकल (खडकाला चिकटणारा कवचधारी समुद्री जीव) आधी तेलकट पदार्थाने पाणी हटवतो, मागून प्रथिनं सोडतो. त्यावरूनच २०२१ मध्ये एमआयटीच्या गटाने सिलिकॉन तेलात चिकट कण कालवून रक्तातही धरणारी पेस्ट केली. तुम्हाला सोपं म्हणजे जेलची पातळ फिल्म सुकवून लावणं. ती पाणी स्वतःच ओढून घेते.

चाचणीआधी कातडीची चरबी खरवडा. २५ × १० मिमी जोड, वर १०० ग्रॅम वजन, १० मिनिटं. ५ न्यूटनला सुटला तर २० किलोपास्कल. आणि सुटल्यावर बघा: दोन्ही तुकड्यांवर जेल उरलं असेल तर चिकटण्यात खोट नाही, जेलच कच्चं आहे.

खाडीकाठ_ऐरोली:
मग जेल घट्ट करायला सोडियम पेरिआयोडेट (कॅटेकॉल ऑक्सिडाइझ करून एकमेकांना जोडणारं) वाढवू?

पीएच_साडेपाच:
जपून. २% जेल आणि १०% बसवणूक (कायटोसानच्या दर दहा घटकांत एकावर कॅटेकॉल) धरली तर १ मिलीत सुमारे ११ मायक्रोमोल कॅटेकॉल. पेरिआयोडेट मोलमध्ये त्याच्या निम्मं, म्हणजे १.२ मिग्रॅच्या आसपास. फार पुढे गेलात तर सगळ्याचाच क्विनोन होतो. जेल घट्ट, पकड गायब. मिसळायचं तेही लावायच्या वेळी, आधी नाही.