मुलांना एकत्र बसवून वाचताना पाळी लावावी का?

प्रश्न: गोदाकाठची आजी

नमस्कार. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतील मुलांसाठी मी दर शनिवारी संध्याकाळी तासभर एकत्र वाचन घेते. पाच ते आठ वर्षांची अकरा मुले येतात. निम्मी मराठी माध्यमातील आहेत. मुलांना गोलात बसवून, पुस्तक हातोहात फिरवत प्रत्येकाकडून चार ओळी मोठ्याने वाचून घ्यायच्या, अशी माझी पद्धत आहे, कारण आमच्या लहानपणी शाळेत असेच वाचून घेत. परंतु एक मुलगा आपल्या वाट्याला कोणत्या ओळी येणार हे आधीच मोजून त्याच पुटपुटत बसतो आणि पाळी संपली की सतरंजीचे दोरे उपसू लागतो. दुसरा अडखळला की बाजूच्या दोघी त्याच्या आधी शब्द उच्चारून मोकळ्या होतात. गेल्या शनिवारी पाळी जवळ येताच हा अडखळणारा मुलगा ‘पोटात दुखतंय’ म्हणून घरी निघून गेला. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर 1: पहिलीचे गुरुजी

आजी, चूक तुमची नाही, पद्धतीची आहे. अकरा मुलांमध्ये एक पुस्तक फिरले, तर कोणत्याही क्षणी एकच मूल वाचत असते आणि दहाजण वाट पाहत असतात. त्यातही जे वाचत असते ते गोष्ट वाचत नाही, परीक्षा देत असते.

न्यूझीलंडचे शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डावे यांनी 1970च्या दशकात याच्या अगदी उलट मार्ग दाखवला. मांडीवर बसून गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला चित्र आणि अक्षरे दोन्ही दिसत असतात. तेच सुख सबंध वर्गाला मिळावे म्हणून त्यांनी दुरूनही वाचता येईल अशा भल्या मोठ्या पुस्तकाभोवती मुलांना जमवले. मी असे पुस्तक कार्डशीटवर स्वतः तयार करतो. अक्षर निदान दोन बोटे उंच असावे आणि एका पानावर दोनच ओळी असाव्यात. पहिल्या दिवशी मी एकटाच वाचतो आणि शब्दाखालून काडी फिरवतो. ही काडी मराठीत फार महत्त्वाची आहे. ‘किती’मधील पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, पण कानाला नंतर ऐकू येते, ‘सूर्य’मधील रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चार त्याच्या आधी होतो. फळ्यावर दहा वेळा समजावून जे पोहोचत नाही, ते काडी आणि आवाज एकाच वेळी पुढे सरकताना पाहून मुलांच्या हळूहळू लक्षात येते.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट वाचताना परत परत येणाऱ्या ओळीपाशी थांबावे. भोपळ्यात बसून निघालेल्या म्हातारीच्या गोष्टीत ‘टुणूक टुणूक’पाशी मी फक्त काडी टेकवतो, पुढचे काम अकरा तोंडे करतात, आणि त्यात तुमचा पोटदुखीवाला मुलगाही असेल. एकच गोष्ट आठ-दहा दिवस चालली तरी मुले कंटाळत नाहीत, कंटाळतो तो आपणच. इंग्रजी माध्यमातील मुलांना तर याचा दुहेरी लाभ होतो. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ यांमधील ‘च’ लिहायला एकच असला तरी उच्चारायला निराळा असतो, आणि हे नियमाने नव्हे, सोबत्यांचे ऐकूनच जिभेवर बसते.

उत्तर 2: साशंक पालक

गुरुजींचे म्हणणे पटते. तरीही मला एक शंका मांडावीशी वाटते. आमच्या मुलीच्या वर्गात असेच सामूहिक वाचन होत असे. घरी ती पुस्तक उघडून घडाघडा म्हणून दाखवी आणि आम्ही हरखून जात असू. एकदा चुकून दोन पाने एकदम उलटली गेली, तरी ती आधीच्याच पानावरचे म्हणत राहिली. समूहाच्या आवाजात नुसती री ओढणारे मूल सहज लपून जाते, आणि ते मोठ्यांना फार उशिरा कळते.

उत्तर 3: पहिलीचे गुरुजी

आपली शंका रास्त आहे. माझ्याही वर्गात असे घडते. पाठ होणे ही पहिली पायरी आहे, मात्र तिथेच थांबता कामा नये. गोष्ट तोंडी बसल्यावर मी एकेक ओळ कागदाच्या पट्टीवर लिहितो, शब्द कातरून सुटे करतो आणि मुलांना जोडीजोडीने ती ओळ पुन्हा लावायला देतो. जोडी लावताना सर्वांत हुशार आणि सर्वांत मागे असलेले मूल एकत्र बसवू नये, कारण मग एकच जण काम करतो. दोघांच्या वाचनात थोडेसेच अंतर असावे. पाठांतर करणारे मूल इथे लगेच लक्षात येते, पण चारचौघांत त्याची शोभा होत नाही.

उत्तर 4: पुस्तकवेडी

पुस्तकांपुरते सांगते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य आहेत. त्या वाचनपातळीनुसार लावलेल्या असतात आणि उतरवून घेऊन छापताही येतात. पडद्यावर दाखवल्यास कार्डशीटचा खटाटोप वाचतो. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत, मात्र ते या वयाला थोडे जड जाईल. आठ वर्षांच्या मुलांसाठी अधूनमधून एखादे पान निवडावे.

गोदाकाठची आजी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शनिवार पाळी बंद ठेवली. कार्डशीटवर चित्रे काढणे मला जमेना, म्हणून ते काम मुलांनाच दिले. भोपळा निळा झाला आहे. पोटदुखीवाला मुलगा काल माझ्या आधी येऊन सतरंजी अंथरून बसला होता आणि काडी आपल्या हाती मिळावी, असा त्याचा हट्ट होता. मी ती दिली. ‘टुणूक’ या शब्दाखाली त्याने ती दोनदा मागे-पुढे नेली आणि ‘णू’पाशी थांबून विचारले, ‘आजी, याचं शेपूट मोठं का?’ गुरुजी, पाच वर्षांच्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ आत्ताच सांगावे, की नुसते लांबवून म्हणून दाखवावे?