दोन टोकांच्या गुणाकाराने पॉवर मिळत नाही
ओपन सर्किट व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किट करंट यांचा गुणाकार करून सोलर सेलची कार्यक्षमता काढली तर चालेल का, असं एकाने विचारलंय. नाही चालणार. ही दोन मूल्यं एकाच वेळी कधीच मिळत नाहीत: सेल उघडा असताना करंट शून्य, शॉर्ट केल्यावर व्होल्टेज शून्य. मध्ये रिओस्टॅट (कमी-जास्त करता येणारा रोध) लावून रीडिंग घ्या आणि व्होल्टेजनुसार करंटचा आलेख काढा. सिलिकॉन सेलचा आलेख बराच वेळ जवळपास सपाट जातो आणि ०.५ व्होल्टच्या आसपास कोसळतो. त्या वळणावर दाट रीडिंग घ्या, सपाट भागात चार-पाच पुरेत. कमाल पॉवर तिथेच सापडते. तिला वरच्या गुणाकाराने भागलं की फिल फॅक्टर. चांगल्या सेलचा ०.७ ते ०.८ येतो.

फारच कमी आला तर सेलला नावं ठेवण्याआधी जोडण्या तपासा. करंट १ अँपिअर असेल तर तारा आणि क्लिपांचा ०.१ ओहम रोधसुद्धा ०.१ व्होल्ट गिळतो, म्हणजे पाचवा हिस्साच गेला! व्होल्टमीटरच्या तारा थेट सेलच्या टोकांना लावा, करंटच्या क्लिपांवर नकोत.

आणि सेलवर प्रकाश टाकणारा दिवा सतत चालू ठेवू नका. हॅलोजन दिवा म्हणजे शेगडीच. सेल तापला की ओपन सर्किट व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. शिवाय दिव्याच्या प्रकाशात सिलिकॉनला न पचणारं इन्फ्रारेड भरपूर असतं, त्यामुळे कार्यक्षमतेचा येणारा आकडा कंपनीच्या डेटाशीटशी ताडून बघण्यात अर्थ नाही.