लग्नानंतर पहिले नावही बदललेल्या मैत्रिणीचा शोध कसा घ्यावा?

कृष्णाकाठ:

मी मूळची मिरजेची. १९७५ साली दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी परीक्षेला बसली, तिच्यात मी आणि माझी एक मैत्रीण होतो. तिचे वडील रेल्वेत गार्ड होते आणि ते कुटुंब स्टेशनाजवळच्या क्वार्टर्समध्ये राहत असे. खो-खोमध्ये तिच्या तुकडीतल्या दोघी बाद झाल्या, की खरा खेळ सुरू होई. साखळी खेळत ती पाटीवर बसलेल्या मुलींच्या मधून अशी काही निसटे, की पाठलाग करणारी मुलगी दमून खुंटाला टेकत असे. मीरासाहेबांच्या उरुसात रात्रभर गाणे ऐकायला मिळावे म्हणून तिने माझ्या वडिलांपुढे जो युक्तिवाद केला होता, तो ऐकून ते हसू लागले आणि स्वतःच आम्हाला घेऊन गेले. माझ्या घरी एवढ्या मोठ्याने बोलणारी मुलगी दुसरी कोणी येत नसे.

परीक्षेनंतर तिच्या वडिलांची हुबळीला बदली झाली. १९७९ साली तिचे शेवटचे आंतर्देशीय पत्र आले. त्यात लग्न ठरल्याचे, आणि सासरी पहिले नावही बदलणार असल्याचे लिहिले होते. "नवे नाव मला मुळीच आवडलेले नाही, पुढच्या पत्रात कळवते," असे शेवटचे वाक्य होते. ते पुढचे पत्र आलेच नाही. मीही दोन पत्रांनंतर लिहिणे थांबवले, याची खंत आहे.

आज मला तिचे फक्त माहेरचे नाव ठाऊक आहे आणि त्या नावाची बाई कुठेच सापडत नाही. काय करावे? तिला विचारल्याशिवाय ते नाव येथे लिहिणे मला बरे वाटत नाही.

जुना_मास्तर:

ताई, मतदार यादीच्या नादी लागू नका. तिथे विवाहितेची नोंद सहसा नव्या नावाने आणि पतीच्या नावासह असते, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याकडे नाहीत. राजपत्रातही काही मिळण्याचा संभव कमी आहे, कारण त्या काळी ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले, की बदल पुरा झाला असे मानत; सरकारदरबारी नोंदवायला फारसे कोणी जात नसे. कायद्याने नाव बदलण्याची सक्ती तेव्हाही नव्हती आणि आजही नाही, पण हे सांगून आता उपयोग काय?

माहेरचे नाव टिकते ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. शाळा तिऱ्हाइताला उतारा देणार नाही आणि देऊही नये. परंतु त्यातला जन्मस्थळाचा रकाना मी नोकरीत असताना हजारो वेळा भरला आहे, म्हणून एक सुचवतो. त्या पिढीतल्या मुलांचे जन्मगाव पुष्कळदा वडिलांचे नसून आजोळचे असे, कारण बाळंतपणासाठी लेक माहेरी जाई. आपण दोघींनी परीक्षेचे अर्ज शेजारी बसून भरले असतील. तिचे जन्मगाव आठवते का? बदलीच्या नोकरीतला माणूस गाव सोडतो, मामा सहसा सोडत नाहीत.

माहेरवाशीण:

मास्तरांचा सल्ला अगदी योग्य आहे. त्यात एवढीच भर घालते, की चौकशी गौरी-गणपतीत करावी. त्या दिवसांत कोणती लेक कुठे दिली, याचा हिशेब घरोघरी ताजा असतो.

माझेही दोन्ही नावे बदललेलीच आहेत. चाळीस वर्षांनी एका वर्गमैत्रिणीने बाजारात मला जुन्या नावाने हाक मारली, तेव्हा मी वळले नाही. ती दुसऱ्या कोणाला बोलावते आहे असेच वाटले. घरी आल्यावर मात्र रडले. तेव्हा तुमच्या मैत्रिणीने पहिल्या हाकेला ओ दिली नाही, तर मनाला लावून घेऊ नका.

परखड:

सापडेलही, पण ती मोठ्याने बोलणारी मुलगी सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. सासरने कितीजणींना गप्प केले, हे आपण पाहिलेले आहे.

कृष्णाकाठ:

परखड, हीच भीती मला इतकी वर्षे होती आणि शोध न घेण्याचे खरे कारण बहुधा तेच असावे.

मास्तर, जन्मगाव अर्जावरून नाही, पण विहिरीवरून आठवले. मे महिन्यात आजोळच्या विहिरीत काठावरून सूर मारल्याच्या बढाया ती जूनभर सांगत असे. गाव निपाणीजवळचे. भाच्याला तिकडे पाठवले. मामा आता नाहीत, त्यांच्या सूनबाईंनी माहेरचे नाव ऐकताच विचारले, "विहिरीत सूर मारणाऱ्या वन्सं ना? गेल्या वर्षी नातवाला पोहायला शिकवत होत्या, काठावर उभं राहून नुसत्या ओरडत होत्या."

ती धारवाडला असते. तिला विचारून मग क्रमांक देऊ, असे सूनबाई म्हणाल्या, आणि ते योग्यच आहे. नवे नाव त्या सांगणार होत्या, पण भाच्याला मी आधीच बजावून ठेवले होते, की ते विचारायचे नाही. ते कळवायचे तिच्याकडे बाकी आहे.