विषय: लुओयांगला मूदान बघायला आई-बाबांना न्यायचंय, कधी आणि कुठली बाग?

शांघायहून, 9 मार्च

नमस्कार मंडळी,

आई-बाबा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नाशिकहून येतायत, महिनाभर राहणारेत. आईला झाडांचं प्रचंड वेड, गच्चीवर गुलाबाचीच तीसेक कुंड्या आहेत आणि कलमं सगळी स्वतः बांधते, तर तिने कुठल्या तरी व्हिडिओत चिनी पिओनीचं फूल, म्हणजेच मूदान, बघितलं आणि तेव्हापासून फोनवर दुसरा विषयच नाही. हेनान प्रांतातल्या लुओयांगला त्याचा फेस्टिवल असतो एवढं कळलंय. बागा पाच-सहा दिसतायत, कुठली धरावी? बाबांचे गुडघे दुखतात त्यामुळे खूप चालणं जमणार नाही. आणि दोघंही शाकाहारी. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

---

झेंगझौहून, 10 मार्च

ताई,

आम्ही इथून चार वेळा गेलोय लुओयांगला, तर जरा लांबण लागेल पण लिहितोच.

> कधी जायचं

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. फेस्टिवल 1983 पासून दरवर्षी होतो आणि एप्रिलभर चालतो पण म्हणून एप्रिलभर कधीही जा असं अजिबात नाही. मूदानमध्ये लवकर, मध्ये आणि उशिरा फुलणारे असे प्रकार असतात, एकेक झाड जेमतेम आठवडाभर फुललेलं राहतं आणि एक जोराचा पाऊस आला की पाकळ्या सगळ्या खाली. आम्ही पहिल्या वर्षी 3 एप्रिलला गेलो तर बहुतेक ठिकाणी कळ्याच, आणि एकदा मे उजाडल्यावर गेलो तर मूदान संपलेलं आणि शाओयाओ फुललेलं. शाओयाओ म्हणजे ती जमिनीतून दरवर्षी नव्याने येणारी पिओनी, दिसायला सारखीच पण थंडीत वरचं सगळं मरून जातं. मूदान म्हणजे खरं झुडूप, लाकडाच्या फांद्यांचं. आईंना हा फरक नक्की आवडेल. तर 10 ते 20 एप्रिल धरा, आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच, सुट्टी टाकावी लागली तरी टाका. गर्दीत फूल दिसत नाही, नुसते हात वर करून धरलेले मोबाईल दिसतात.

> कुठली बाग

वांगचेंग पार्क गावात आहे, मेट्रोचं स्टेशन त्याच नावाचं, रात्री लायटिंगही असतं, पण गर्दी तिथेच सगळ्यात जास्त. सगळ्यात भव्य बघायचं असेल तर लुओ नदीकाठची चायना नॅशनल फ्लॉवर गार्डन, शंभर हेक्टरच्या वर आहे, किंवा सुई-तांग राजघराण्यांच्या काळच्या जुन्या शहराच्या अवशेषांवर केलेलं बोटॅनिकल गार्डन, ते तर त्याहून मोठं. मला हे दुसरं जास्त आवडतं कारण तिथे प्रकार खूप आहेत आणि पाट्या लावलेल्या आहेत, फोन धरला की भाषांतर होतं. पण बाबांचे गुडघे बघता एका दिवसात एकच बाग, आणि त्यातलाही एकच भाग. सकाळी गेट उघडताना आत शिरा, दहाच्या आत फुलं ताजी असतात, मग ऊन चढलं की मान टाकतात.

नावं लिहून ठेवा, शोधायला मजा येते. याओ हुआंग हे पिवळं, याला फुलांचा राजा म्हणतात, आणि वेई त्झ जांभळट, ती राणी. दोन्ही नावं ज्या घराण्यांच्या बागेत ती फुलली त्यांची, हजारेक वर्षांपूर्वीची. सोंग काळातल्या ओउयांग श्यू या लेखकाने 1034 मध्ये लुओयांगच्या मूदानवर छोटा ग्रंथच लिहिला त्यात 24 प्रकारांची नोंद आहे. अर च्याओ बघाच, एकाच फुलात अर्धं गुलाबी अर्धं गडद लाल. आणि दोउ ल्यू, हिरवं! पण ते उशिरा फुलतं.

जेवणाचं सांगतो. तिथलं वॉटर बँकेट प्रसिद्ध आहे, चोवीस पदार्थ, बहुतेक रस्सेदार, त्यात मूदान यानत्साय नावाचा पदार्थ मुळ्याच्या केसासारख्या बारीक कापांचा असतो पण वरचं फूल अंड्याचं आणि रस्सा मांसाचा, त्यामुळे आई-बाबांना नको. फुलांचं सारण भरलेले मूदान बिंग मिळतात, ते विचारून घ्या. बाकी सोबत थेपले ठेवाच. पासपोर्ट विसरू नका, तिकिटाला लागतो.

---

नानजिंगहून, 10 मार्च

दादांनी सगळं लिहिलंय, मी एकच जोडते. शहराच्या पूर्वेला बारा-तेरा किलोमीटरवर श्वेत अश्व मंदिर आहे, बाईमा सी. इ.स. 68 मध्ये भारतातून आलेल्या दोन भिक्षूंसाठी बांधलं अशी परंपरा आहे, आणि तिथे आपल्या सरकारच्या मदतीने सांचीच्या धर्तीवर भारतीय मंदिर उभारलंय, त्याचं उद्घाटन 2010 मध्ये आपल्या प्रतिभाताई पाटलांनी केलं, राष्ट्रपती असताना. बाबांना तिथे नक्की न्या. समोरच शेनझौ मूदान गार्डन आहे त्यामुळे एका टॅक्सीत दोन्ही होतं.

आणि आईंना ती गोष्ट सांगा. सम्राज्ञी वू झेत्यानने भर हिवाळ्यात सगळ्या फुलांना फुलायचा हुकूम सोडला, सगळी फुलली, एकटं मूदान नाही फुललं, म्हणून तिने ते चांगआनमधून, म्हणजे आजच्या शीआनमधून, हाकलून लुओयांगला पाठवलं, आणि इथे येऊन ते भरभरून फुललं. मला ही गोष्ट फार आवडते. माझ्या मुलीला दहा वेळा सांगितलीये.

---

शांघायहून, 21 एप्रिल

मंडळी, जाऊन आलो!! 16 आणि 17 तारीख, दोन दिवस रजा टाकली.

दादा, तुमचं ऐकलं ते फार बरं केलं. आदल्या रात्री पाऊस झाला होता, हॉटेलच्या खिडकीतून बघत मी रात्रभर नीट झोपले नाही. सकाळी सुई-तांग गार्डनला पोचलो तर लुओयांग होंग या मूदानच्या प्रकाराच्या वाफ्यांत खाली लाल पाकळ्यांचा सडा, आणि मला वाटलं संपलं सगळं. पण दोन वळणं पुढे गेलो आणि मधल्या हंगामातली सगळी पूर्ण उमललेली, पाकळ्यांवर थेंब, लहान ताटलीएवढं एकेक फूल, आणि वास, सगळ्याच फुलांना नाही पण काहींना इतका गोड की आई डोळे मिटून उभी राहिली. बाबा बाकावर बसले आणि तासभर हललेच नाहीत, मला म्हणाले तुम्ही फिरा, मला इथूनच दिसतंय.

आईचं खरं काम मात्र दुसरंच निघालं. एक माळीकाका तण काढत होते, आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि बोटाने खोडाच्या बुडाशी दाखवत विचारायला लागली, मराठीत! मी फोनवर भाषांतर लावलं. तर कळलं की मूदानची काडी शाओयाओच्या मुळावर कलम करतात, तेही पावसाळा संपल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास, आणि मग कलम इतकं खोल लावायचं की काडीला स्वतःची मुळं फुटावीत. आईने हाताने खाच पाडून, काडी बसवून, बांधून दाखवलं, आपण गुलाबाला करतो तसं, आणि काकांनी मान हलवत स्वतःच्या खिशातला चाकू काढून त्यांची पद्धत दाखवली. दोघांना फोनची गरजच लागली नाही मग. नाशिकला लावता येईल का विचारलं तर ते म्हणाले हिवाळ्यात बरेच दिवस कडक थंडी मिळाली पाहिजे, नाहीतर कळ्या धरत नाहीत. आई गप्प झाली जरा.

दुसऱ्या दिवशी बाईमा सी. प्रतिभाताईंचं ऐकून बाबा खूप खूश, सांचीसारखं तोरण बघून तर म्हणाले इथे इतक्या लांब आपलं घर दिसलं. नानजिंगच्या ताईंचे खास आभार.

दोउ ल्यू मात्र घट्ट कळीतच होतं, हिरवी गोटी नुसती. आईचा आता पुढच्या वर्षी परत यायचा विचार पक्का आहे, तर 20 एप्रिलनंतर कोणी जाणार असेल तर आत्ताच कळवा, सोबत तिकिटं काढू.