प्रतिसाद: गाडीचा रेडिओ आणि वाळवंटातली दूरची स्टेशनं

जैसलमेर-बाडमेर रस्त्यावर पहाटे लांबचं एफएम स्टेशन खणखणीत लागलं, ऊन चढल्यावर गेलं, म्हणून तुम्ही गाडीच्या सेटवर शंका घेतलीत. सेट बिचारा निर्दोष आहे.

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. १०० मीटर उंच टॉवरचं रेडिओ-क्षितिज, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईमुळे लहरी पोचण्याची हद्द, जेमतेम ४० किमीवर येतं. आपल्याकडे नाशिकहून निघून कसारा घाट उतरताना मध्ये सह्याद्री आला की नाशिकचं स्टेशन खरखरायला लागतं, ते यामुळेच. वाळवंटात डोंगर आड येत नाहीत, पण खरी गंमत हवेची. निरभ्र रात्री वाळू झपाट्याने गार पडते, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते. हा उलटा थर लहरींना खाली वाकवतो. थर चांगला जमला तर शेकडो किमीवरचं स्टेशनही ऐकू येतं. सूर्य वर आला, जमीन तापली, की थर मोडतो.

भर दुपारी हजारभर किमीवरचं स्टेशन लागलं तर प्रकरण वेगळं: ते आयनोस्फिअरच्या (वातावरणातल्या खूप उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याच्या) ई थराचे काम, बहुधा मे ते ऑगस्टमध्ये.

आणि हो, ऑटो-स्कॅन वापरू नका, ते कमजोर सिग्नल सोडून पुढे जातं. हाताने ०.१ मेगाहर्ट्झने सरकायचं, अर्थात शेजारच्या सीटवरच्याने! गावाजवळ तीच फ्रिक्वेन्सी असेल तर जवळचं स्टेशन दूरच्याला पार गिळतं, तिथे काही इलाज नाही.